डिस्चार्जनंतरच्या वर्षाचा हिशेब कोण देणार?

निवासी किशोर-मानसोपचार केंद्रांचे संचालक, तिथले मानसोपचारतज्ज्ञ, आणि या केंद्रांना परवाने व निधी देणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षं अशाच एका केंद्रात सामाजिक कार्यकर्ती होते. मूल दाखल होताना घरच्यांकडून सगळी हकीकत लिहून घ्यायची आणि ते जाताना डिस्चार्जचा कागद तयार करायचा, ही दोन कामं माझ्याकडे होती. मधले महिने डॉक्टरांचे, थेरपिस्टचे, शिक्षकांचे आणि सगळ्यांत जास्त वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांचे. मी येण्याच्या आणि जाण्याच्या दारात उभी असायचे. त्यातल्या जाण्याच्या दाराबद्दल आज लिहिते आहे.

एका मुलाचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पंधरा. आला तेव्हा शाळेनं दोनदा काढून टाकलेलं होतं, धाकट्या भावाला त्याच्याजवळ एकटं सोडायची घरच्यांची हिंमत नव्हती, आणि आईच्या मनगटाला प्लास्टर होतं. ते कसं झालं हे तिनं मला तिसऱ्या भेटीत सांगितलं. सात महिने तो आमच्याकडे राहिला. पहिले दोन महिने वाईट गेले, मग हळूहळू चित्र बदललं. चांगल्या वागण्याला गुण देणाऱ्या भिंतीवरच्या तक्त्यावर तो एकेक लेव्हल चढत गेला. शेवटचे सत्तर दिवस त्यानं कुणावर हात उगारला नाही. डिस्चार्जच्या दिवशी सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या आणि मी कागदावर लिहिलं, "वर्तनात लक्षणीय सुधारणा. उपचारांना उत्तम प्रतिसाद."

सहा आठवड्यांनी त्याच्या आईचा फोन आला. ती न्हाणीघरात कडी लावून, दबक्या आवाजात बोलत होती. बाहेर काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. मी तिला सांगितलं, की त्याची फाइल बंद झाली आहे, पुन्हा दाखल करायचं असेल तर नव्यानं अर्ज करावा लागेल आणि प्रतीक्षायादी आहे. नियमाप्रमाणे मी बरोबर बोलले होते. त्या वर्षीच्या आमच्या अहवालात तो मुलगा "यशस्वी उपचार" या रकान्यात मोजला गेला. त्याच्या नावापुढची खूण मीच केली होती.

त्या फोननंतर मी शोधायला लागले, की आपण जे मोजतो ते खरंच काही सांगतं का. वाचायला बसले तेव्हा कळलं, की हा प्रश्न माझ्या जन्माआधीच विचारला गेला होता आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या बेलफेअर या निवासी उपचार केंद्रातून बाहेर पडलेल्या मुलांचा पाठपुरावा १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्र सोडताना मुलाचं वागणं कसं होतं, यावरून पुढे त्याचं कसं होईल हे सांगता येत नव्हतं. तो परत ज्या घरात, ज्या वस्तीत, ज्या माणसांत गेला ते कसं होतं, यावरून मात्र बरंच सांगता येत होतं. आत सोन्यासारखा वागणारा मुलगा बाहेर आधार नसेल तर कोसळत होता. आत जेमतेम सावरलेला, पण बाहेर कुणीतरी धरून ठेवणारं असलेला मुलगा टिकत होता.

१९८२ मध्ये तेच पुन्हा दिसलं, या वेळी अधिक नेटकेपणानं. कॅन्ससमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या अचीव्हमेंट प्लेस या छोट्या घराच्या धर्तीवर अनेक घरं उभी राहिली होती. एक जोडपं, सहा-सात मुलं, ठरलेले नियम, गुणांची पद्धत. आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या भिंतीवर जे तक्ते लटकतात त्यांचं मूळ बऱ्याच अंशी तिथं आहे. या घरांची तुलना इतर वसतिगृहांशी केली तेव्हा, मुलं तिथं राहत होती तोवर, फरक स्पष्ट होता: गुन्हे कमी, शिस्त चांगली, मुलंही जास्त समाधानी. बाहेर पडल्यानंतरच्या वर्षात तो फरक उरला नाही.

हे वाचून हताश होणारे लोक मी पाहिले आहेत. "काही केलं तरी पालथ्या घड्यावर पाणी," असं ते म्हणतात. मला त्यातून वेगळं काही दिसतं. मूल बदलू शकतं, हे त्या घरांनी दाखवलं. आसपासची माणसं सावध आणि शांत असतील, नियम रोज तेच असतील, चांगल्या वागण्याची कुणी लगेच दखल घेत असेल, तर वर्षानुवर्षं हाताबाहेर गेलेला मुलगाही काही महिन्यांत वेगळा वागू लागतो. पण ते वागणं बरंचसं त्या जागेचं असतं. तक्ता मुलाबरोबर घरी जात नाही. संध्याकाळी पाचला आवाज चढायच्या आधीच शेजारी येऊन बसणारा अनुभवी कर्मचारी घरी जात नाही. घरी असते ती सात महिन्यांपूर्वीचीच दमलेली आई, तेच भांडणाचे विषय आणि कोपऱ्यावर वाट पाहणारे तेच मित्र. मग "ये रे माझ्या मागल्या" होतं, आणि आपण केंद्रात बसून म्हणतो, "इथं तर तो किती छान वागायचा!" हे वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा म्हटलं आहे. त्यात नकळत दोष घरावर ढकललेला असतो. खरं तर आपलं काम अर्ध्यातच थांबलं होतं, याची ती कबुली असते.

आता गटाबद्दल. हा भाग तुम्हाला आवडणार नाही, कारण आपली सगळी रचनाच गटावर उभी आहे. वीस मुलं एका मजल्यावर, गटथेरपी, गटखेळ, गटजेवण.

ओरेगनमध्ये टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची मित्रांबरोबरची संभाषणं चित्रित केली. नियम मोडण्याच्या गप्पा निघाल्या की समोरचा हसतो का, एवढंच त्यांनी बारकाईनं पाहिलं. ज्या जोड्यांत अशा गप्पांना हसून दाद मिळत होती, त्यांतली मुलं पुढच्या काळात जास्त गुन्ह्यांकडे आणि हिंसेकडे गेली. त्याच चमूनं धोक्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी गट चालवले होते. पालकांच्या गटाचा फायदा झाला. मुलांना एकत्र बसवलेल्या गटांत मात्र पुढे तंबाखूचा वापर आणि शाळेतलं गैरवर्तन वाढलेलं आढळलं. गट चालवणारी माणसं प्रशिक्षित होती, हेतू चांगला होता. पण थेरपिस्टच्या शाबासकीपेक्षा शेजारच्याचं हसू जास्त पटकन पोचतं.

याच संदर्भात केंब्रिज-सॉमरव्हिलचा अभ्यास मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगत आले आहे. मुलं गुन्ह्यांकडे वळू नयेत म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलगे निवडले गेले. त्यांच्या २५३ जोड्या लावल्या आणि नाणेफेक करून प्रत्येक जोडीतल्या एकाला मदत द्यायची ठरवलं. समुपदेशकाच्या घरभेटी, अभ्यासाची शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरं. सरासरी पाच-साडेपाच वर्षं. आजही कुणी असा प्रकल्प मांडला तर आपण त्याला मनापासून पाठिंबा देऊ. तीस वर्षांनी जोन मकॉर्ड यांनी त्या मुलांना, म्हणजे आता मध्यमवयीन झालेल्या पुरुषांना, शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेले पुरुष काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होते: दारूची लक्षणं जास्त, गंभीर मानसिक आजार जास्त, पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण जास्त. आणि तरीही त्यांच्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी सांगितलं, की त्या कार्यक्रमाचा आपल्याला फायदा झाला!

१९९९ मध्ये डिशन, मकॉर्ड आणि फ्रांस्वा पुलाँ यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा नुकसान मुख्यतः एकाहून जास्त वेळा उन्हाळी शिबिराला पाठवलेल्या मुलांत एकवटलेलं दिसलं. त्यांचा अंदाज असा, की शिबिरात एकत्र आलेली मुलं एकमेकांच्या गैरवर्तनाला दाद देत असावीत.

आपण डिस्चार्जच्या दिवशी समाधानाचा फॉर्म भरून घेतो. मूल पाचपैकी चार चांदण्या देतं, पालक पाच. ते आकडे निधी देणाऱ्यांना पाठवले जातात. मकॉर्ड यांच्या निष्कर्षांनंतर अशा फॉर्मवर परिणाम म्हणून विसंबणं कुणालाही परवडू नये. मुलाला काय वाटलं हे विचारायलाच हवं, पण त्याला "उपचाराचा परिणाम" म्हणू नये.

गट म्हणजे विषच, असं मात्र मला म्हणायचं नाही. जिथं मोठी माणसं पुरेशी असतात आणि मुलांबरोबर प्रत्यक्ष वेळ घालवतात, कार्यालयाच्या काचेआडून पाहत नाहीत, तिथं मुलांकडून मुलांना होणारा बिघडण्याचा हा संसर्ग बराच आटोक्यात राहतो. पण रात्रीच्या पाळीत वीस मुलांमागे दोन माणसं ठेवून आपण कोणत्या तोंडानं हे म्हणणार? आणि कोणाला कोणाशेजारी ठेवतो, याचाही विचार व्हायला हवा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या १०३७ मुलांच्या अभ्यासातून टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा दाखवल्या होत्या. काही थोडी मुलं लहानपणापासूनच आक्रमक असतात आणि त्यांचा प्रश्न लांबचा असतो. बरीच मोठी संख्या अशा मुलांची, ज्यांचं बिघडणं किशोरवयात सुरू होतं आणि बहुतेकांच्या बाबतीत मोठेपणी ओसरतं. ही दुसरी मुलं, ज्यांतली बहुतेक एरवी मोठेपणी सावरली असती, त्यांना आपण पहिल्या मुलांच्या शेजारच्या पलंगावर झोपवतो. कारण त्या दिवशी तोच पलंग रिकामा असतो.

"मग बंदच करायची का केंद्रं?" हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. नाही. ज्या घरात धाकट्या भावाचा जीव धोक्यात आहे, जी मुलगी दर आठवड्याला स्वतःला संपवायचा प्रयत्न करते आहे, जिचं घर हाच तिच्यावरच्या अत्याचाराचा पत्ता आहे, त्यांना सुरक्षित छप्पर लागतं, आणि ते कधी कधी आज रात्रीच लागतं. एरिक क्नोर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये निवासी उपचारांवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा, दाखल असताना मुलांमध्ये सरासरी सुधारणा होते, हे दिसलंच. कुटुंबाला सामील करून घेणाऱ्या केंद्रांत ती जास्त आशादायक होती. अर्थात यातल्या बहुतेक अभ्यासांत तुलनेला दुसरा गट नव्हता. मूल अगदी वाईट अवस्थेत असताना दाखल होतं. त्याहून वाईट व्हायला जागाच कमी असते, त्यामुळे थोडी सुधारणा आपोआपही दिसते. तिचं सगळं श्रेय स्वतःकडे घेण्याआधी हे आठवायला हवं.

घरी जाऊन उपचार करणं हीदेखील जादूची कांडी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मानसोपचाराच्या तातडीच्या अवस्थेत आलेल्या किशोरांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं विभागून, काहींना रुग्णालयात ठेवलं आणि काहींना घरी मल्टिसिस्टेमिक थेरपी, म्हणजे मुलाबरोबर त्याचं घर, शाळा आणि मित्र यांनाही धरून केलेला उपचार, दिली गेली. स्कॉट हेंगलर यांच्या चमूचं हे काम. १९९९ मधले पहिले निकाल घरच्या उपचारांच्या बाजूनं होते. वर्षभरानं पाहिलं तर दोन्ही गट बरेचसे एका पातळीवर आले होते. इंग्लंडमध्ये ६८४ कुटुंबांवर केलेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निकाल २०१८ मध्ये आले, दीड वर्षानंतर मूल घराबाहेर ठेवावं लागण्याच्या प्रमाणात या थेरपीनं नेहमीच्या सेवांपेक्षा फरक पडला नाही. म्हणजे उपचार कुठे झाला याहून, तो संपल्यावर कोण उरतं, हा प्रश्न मोठा आहे. घरी झालेला उपचारही चार-पाच महिन्यांत गाशा गुंडाळून निघून गेला, तर त्याचंही तेच होतं.

काय चालतं, याचे धागे आहेत. ओरेगनमध्येच पॅट्रिशिया चेंबरलेन यांनी वारंवार गुन्हे केलेल्या ७९ मुलांची अशी तुलना केली, की काही मुलं समूहगृहात राहिली आणि काही एकेकटी, दुसऱ्याचं मूल सांभाळायला खास प्रशिक्षण दिलेल्या कुटुंबांत. १९९८ मध्ये निष्कर्ष आले. कुटुंबांत राहिलेल्या मुलांचे पुढचे गुन्हे कमी होते, पळून जाणंही कमी. का, हे शोधल्यावर ज्या गोष्टी सापडल्या त्यांत नवं यंत्र किंवा नवं औषध नव्हतं: मूल कुठे आहे हे मोठ्या माणसाला माहीत असणं, शिस्त रोज सारखी आणि न्याय्य असणं, एका मोठ्या माणसाशी चांगलं नातं असणं, आणि बिघडलेल्या मित्रांपासून अंतर. त्या काळात मुलाच्या खऱ्या घरच्यांनाही हेच शिकवलं जात होतं, म्हणजे तो परतला की घर तेच राहिलेलं नसे.

आणि अगदी टोकाच्या मुलांचं? विस्कॉन्सिनमधलं मेंडोटा हे केंद्र १९९५ मध्ये सुरू झालं ते इतर सुधारगृहांनी हात टेकलेल्या हिंसक मुलांसाठी. तिथला विचार असा, की जितकी शिक्षा वाढते तितकं मूल माणसांपासून तुटतं, आणि जितकं तुटतं तितकं त्याला गमावण्यासारखं काही उरत नाही. म्हणून ही साखळी उलट फिरवायची. आजच्या वागण्यावर उद्याच्या सवलती ठरतात, आणि उद्या पाटी पुन्हा कोरी. महिनाभराची शिक्षा डोक्यावर घेऊन कुणी बसत नाही. २००६ मध्ये मायकेल कॉल्डवेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या तुलनेत, तिथं उपचार घेतलेल्या मुलांनी पुढच्या चार-साडेचार वर्षांत एकही खून केला नाही. नेहमीच्या ठिकाणी राहिलेल्या तशाच मुलांच्या हातून सोळा जीव गेले. हे विभाजन चिठ्ठ्या टाकून केलेलं नव्हतं, म्हणून आकडा जपून वापरायला हवा. पण निधी देणाऱ्यांनी हेही वाचावं: या जादा खर्चाच्या प्रत्येक डॉलरमागे सात डॉलरहून अधिक वाचले, असा त्यांचा हिशेब आहे. "या मुलांचं काहीच होत नाही" हे वाक्य मी तुमच्या बैठकांमध्ये ऐकलं आहे. ते खरं नाही.

मुलांना धरून पालथं पाडणं आणि बंद खोलीत ठेवणं, याबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण इथं वादाला जागा उरलेली नाही. अमेरिकेत १९९३ ते २००३ या काळात निवासी ठिकाणी असं धरून ठेवताना दगावलेल्या ४५ मुलांची नोंद अभ्यासकांनी केली. त्याच देशात येल विद्यापीठाच्या बालमानसोपचार कक्षात कर्मचाऱ्यांना मुलाबरोबर बसून अडचण सोडवायची पद्धत शिकवली गेली. वर्षाला २६३ वेळा होणारं धरून ठेवणं ७ वर आलं, बंद खोलीचा वापर ४३२ वरून १३३ वर. मुलं तशीच होती, इमारत तीच होती. तुमच्या केंद्रातला हा आकडा किती आहे, आणि तो पालकांना दाखल करायच्या आधी सांगितला जातो का?

औषधांचंही तसंच. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी आक्रमकता काही काळ कमी होते, हे खरं. वजन वाढतं, साखर आणि चरबीचं गणित बिघडतं, हेही खरं. ही औषधं कोण आणि कधी कमी करणार, हे न लिहिता मुलाला तीन औषधांची चिठ्ठी देऊन घरी पाठवू नका. माझ्या हातून अशा चिठ्ठ्या गेल्या आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मला सगळ्यात जास्त भांडायचं आहे ती. घरच्यांची भेट आणि घरचा फोन ही बक्षिसं नाहीत.

आमच्याकडे दुसऱ्या लेव्हलला आठवड्यातून एक फोन मिळायचा, तिसरीला भेट, चौथीला शनिवार-रविवारची होम लीव्ह. मारामारी केली की लेव्हल खाली, म्हणजे भेट रद्द. ज्या आठवड्यात मूल सगळ्यात जास्त बिथरलेलं असायचं, नेमक्या त्याच आठवड्यात त्याची आई गेटवरून परत जायची. लांबून आलेल्या एका वडिलांना मी स्वतः सांगितलं, "आज नाही भेटता येणार, त्यानं काल खुर्ची फेकली." ते काही बोलले नाहीत. आणलेले कपडे माझ्या टेबलावर ठेवून निघून गेले. पुढच्या महिन्यात ते आलेच नाहीत, आणि मी केसपेपरवर लिहिलं, "कुटुंबाचा सहभाग कमी."

आपणच दार लावायचं आणि आपणच नोंद करायची, की कुणी येत नाही.

विचार करा, या मुलाला शेवटी कुणाबरोबर राहायचं आहे? खुर्ची फेकल्यानंतरची ती भेट हीच खरी थेरपीची वेळ होती. बाप आणि मुलगा समोरासमोर, राग अजून ताजा, आणि सोबत सांभाळायला प्रशिक्षित माणूस. असा प्रसंग घरी येणारच आहे, आणि तेव्हा तिथं तिसरं कुणी नसेल. त्याची तालीम आपल्या छताखाली करून घ्यायची सोडून आपण वडिलांना गेटवरून परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार सांगतो, की स्वातंत्र्य काढून घेतलेल्या मुलालाही अपवादात्मक परिस्थिती सोडता घरच्यांशी भेट आणि पत्रव्यवहाराचा हक्क आहे. ते कलम ३७. आणि कलम २५ सांगतं, की काळजी, संरक्षण किंवा उपचारांसाठी यंत्रणेनं कुठेही ठेवलेल्या मुलाला, आपल्याला अजून इथं का ठेवलंय याची वेळोवेळी तपासणी होण्याचा हक्क आहे. खुर्ची फेकणं या अपवादात बसत नाही. किशोरांच्या वॉर्डात खुर्च्या फेकल्या जातातच.

माझी मागणी मोठी नाही, पण अवघड आहे. प्रत्येक मूल बाहेर पडल्यानंतर सहा महिन्यांनी आणि एक वर्षानं त्याच्यापर्यंत पोचा आणि काही साधे प्रश्न विचारा. तो काल रात्री कुठे झोपला? शाळेत, शिकण्यात किंवा कामात आहे का? पुन्हा दाखल व्हावं लागलं का, पोलिसांशी संबंध आला का? त्यानं स्वतःला इजा केली का, घरात कुणाला झाली का? आणि रात्री दोन वाजता डोकं फिरलं तर तो फोन करू शकेल असं एक तरी मोठं माणूस त्याला आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला इतर सगळ्या मोजपट्ट्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

मोजताना सगळ्यांना मोजा. आमच्याकडे जो मुलगा पळून जायचा, ज्याला "केंद्राच्या आवाक्याबाहेर" म्हणून मध्येच काढलं जायचं, तो "उपचार अपूर्ण" या खात्यात जायचा आणि यशाच्या टक्केवारीतून गायब व्हायचा. म्हणजे सगळ्यात अवघड मुलं भागाकारातूनच बाहेर. तसली टक्केवारी कितीही चांगली दिसू शकते. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांचीही संख्या छापा. ती मोठी असेल, तर तीच तुमची पहिली बातमी आहे.

निधी देणाऱ्यांनो, तुम्ही भरलेल्या पलंगाचे पैसे देता. मूल घरी गेलं की केंद्राचं त्या मुलापुरतं उत्पन्न थांबतं, म्हणून घरभेटीला जाणारा कर्मचारी हा केंद्राला निव्वळ खर्च वाटतो. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांचं काम त्याच करारात धरा आणि ते त्याच माणसांकडून करून घ्या. पंधरा वर्षांच्या मुलानं सात महिने घालवून एका माणसावर कसाबसा विश्वास ठेवलेला असतो; त्याला घरी पोचल्यावर नव्या माणसाचं नाव लिहिलेला कागद देऊन भागत नाही. दाखल झालेल्या पहिल्याच आठवड्यात, तो कुठे आणि कुणाकडे परत जाणार हे ठरवायला घ्या. ते घर तयार करायचं काम त्याच दिवशी सुरू झालं, तर मुक्कामही कमी लागेल.

वॉर्डातल्या सहकाऱ्यांसाठी दोन ओळी. हे पत्र तुमच्या विरुद्ध नाही. रात्री तीन वाजता मुलाच्या दाराबाहेर जमिनीवर बसून त्याच्याशी बोलत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. ती मेहनत डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर सोडली जाते, याचं दुःख तुम्हालाच सगळ्यात जास्त आहे.

त्या आईला मी पुढे फोन केला. नोकरी सोडल्यावर, दोन वर्षांनी. नंबर बंद होता. तो मुलगा आज कुठे आहे हे मला माहीत नाही, आणि ज्या केंद्राच्या अहवालात तो यशस्वी म्हणून छापला गेला, त्यालाही माहीत नाही. तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालात "डिस्चार्जच्या वेळी सुधारणा" या रकान्याशेजारी "एक वर्षानंतर" असा दुसरा रकाना आखा. पहिल्या वर्षी तो बराचसा रिकामा दिसेल. तो तसाच छापा.

कळावे,

आपली,
एक माजी सामाजिक कार्यकर्ती